सकाळची रांग आणि तिचा हिशेब

रांग कोणाला चुकली आहे? रेशनच्या दुकानापुढे रांग, दवाखान्यात रांग, एसटीच्या खिडकीपाशी रांग. आषाढीला पंढरीच्या दर्शनबारीत जो उभा राहिला, त्याला तर रांग म्हणजे काय ते सांगायलाच नको. पण रांग कशी वाढते, कोणत्या वेळी वाढते आणि तिच्यातला आपला वेळ कसा वाचवावा, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. हिशेब सोपा आहे. वजाबाकी, गुणाकार, भागाकार येत असले म्हणजे पुरे. आज तो आपण अमेरिकेतल्या एका खेळगाडीच्या रांगेवरून शिकू.

अमेरिकेतली कशाला, असे कोणी विचारील. त्या एका गाडीसाठी तिथे रोज सकाळी जी धांदल उडते, तिच्यात रांगेचे सगळे गुणदोष एका जागी दिसतात, म्हणून. शिवाय आपल्याकडची पुष्कळ मुलेमुली आता तिकडे नोकरीला आहेत. आईवडील नातवंडांना भेटायला जातात आणि मग एक दिवस सारे घर ती बाग पाहायला निघते. तेव्हा गोष्ट अगदीच परकी नाही.

वॉल्ट डिस्ने या चित्रपटवाल्याने १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड नावाची करमणुकीची बाग उघडली. १७ जुलैला पहिला दिवस होता. तो फक्त बोलावलेल्या पाहुण्यांसाठी होता, पण खोटी तिकिटे घेऊन पुष्कळ लोक आत घुसले आणि पहिल्याच दिवशी गर्दी आवरेना. म्हणजे रांगेचा प्रश्न त्या बागेबरोबरच जन्माला आला म्हणा ना. पुढे १९७१ साली फ्लोरिडा राज्यात तिच्याहून मोठा पसारा उभा राहिला. त्यातल्या एका बागेचे नाव मॅजिक किंगडम, म्हणजे जादूचे राज्य. मधोमध १८९ फूट उंच राजवाडा आहे. त्याच्या मागच्या बाजूला सात बुटक्यांची खाणगाडी आहे. हिमगौरी आणि सात बुटके ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असते. तिच्यावर डिस्नेने १९३७ साली चित्रपट काढला आणि त्याच गोष्टीवर २०१४ साली ही गाडी सुरू झाली. गाडी रुळावरून चढते, उतरते, खाणीत शिरते, आणि तिचे डबे पाळण्यासारखे दोन्ही बाजूंना झुलतात. लहानांना फार भीती वाटत नाही, मोठ्यांना कंटाळा येत नाही. आजोबा, सून आणि नातू तिघेही बसू शकतात. म्हणूनच तिच्यापुढे एवढी गर्दी.

गाडीची फेरी तीन मिनिटांच्या आतबाहेरची. तिच्यासाठी लोक तास-तास, कधी त्याहून जास्त उभे राहतात. यात काय एवढे, असे म्हणू नका. त्या बागेचे एका माणसाचे एका दिवसाचे तिकीट १०० डॉलरांहून जास्त असते. चार माणसांचे ४०० डॉलर धरा. बाग १२ तास उघडी असली, तर तासाला ३३ डॉलर पडले. रांगेत गेलेला तासही त्याच भावाने विकत घेतलेला असतो. वर्षभर पैसे बाजूला टाकून मुलाबाळांना एकच दिवस आणणारा कामकरी माणूस तिथेही असतो. सगळेच काही धनवान नसतात. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आपण तर नुसते उभेच राहिलो," तर त्या बापाला काय वाटेल?

आता हिशेबाकडे वळू. गाडीत २० माणसे बसतात. समजा दर ४५ सेकंदांनी एक गाडी सुटते. मग तासाला गाड्या किती? तासाचे सेकंद ३६००. त्याला ४५ ने भागले की ८० आले. ८० गाड्या, प्रत्येकीत २० माणसे, म्हणजे तासाला १६०० माणसे जातात. तुमच्यापुढे ८०० माणसे असतील तर अर्धा तास, १६०० असतील तर एक तास. पुढची माणसे भागिले तासाला जाणारी माणसे, एवढेच सूत्र. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९६१ साली अशाच तऱ्हेचा नियम गणिताने सिद्ध केला. त्याच्याही आधी, १९०९ साली, डेन्मार्कच्या एर्लांग या गणित्याने टेलिफोनच्या कचेरीत एका वेळी किती जण बोलायला येतील, याचा अभ्यास मांडला होता. तेव्हापासून रांगेचे एक शास्त्रच झाले.

पण रांग मुळात वाढते का? जुन्या अंकगणिताच्या पुस्तकात हौदाची उदाहरणे असत. एका नळाने पाणी येते, खालच्या तोटीने जाते, तर हौद किती वेळात भरेल? रांग म्हणजे तोच हौद. समजा बाग ९ वाजता उघडली आणि तासाला ३२०० माणसे खाणगाडीकडे येऊ लागली. जातात १६००. साडेनऊ वाजता आलेले १६००, गेलेले ८००, उरलेले ८००. म्हणजे साडेनऊला येणाऱ्याने अर्धा तास थांबायचे. दहा वाजता आलेले ३२००, गेलेले १६००, उरलेले १६००. दहाला येणाऱ्याने एक तास थांबायचे. आणि जो ९ वाजून ५ मिनिटांनी पोहोचला, त्याला? पाचच मिनिटे.

बघा हं, काय झाले ते. अर्धा तास उशीर केला, तर नुकसान अर्ध्या तासाचे नाही. अर्धा तास उशिराचा गेला आणि वर अर्धा तास रांगेचा गेला. सकाळच्या पहिल्या तासात रांग अशी दामदुपटीने वसूल करते. दुपारी मात्र तसे नसते. तेव्हा येणारे आणि जाणारे जवळजवळ सारखे झालेले असतात, रांग एका लांबीवर थबकते, आणि बाराला गेलात काय किंवा साडेबाराला गेलात काय, फारसा फरक पडत नाही. तेव्हा धावाधाव करायची तर ती सकाळीच.

धावाधाव म्हणजे पळापळ मात्र नव्हे. पूर्वी तिथे सकाळी लोकांना दोराने अडवून धरीत आणि वेळ झाली की दोर सोडीत. तिकडे या सकाळच्या घाईला "दोर सुटणे" असेच नाव पडले आहे. पुष्कळदा बागेचे नोकर गर्दीच्या पुढे राहून चालतात, म्हणजे कोणी पळू नये. धक्काबुक्कीत मूल खाली पडले तर गाडी गेली चुलीत!

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला ठाऊक नसते. बाग ९ ला उघडते म्हणून ९ ला मोटार लावली, तर तुम्ही वेळेवर आलात असे नाही. मोटारी लावण्याची जागा बागेच्या दारापाशी नाहीच. मध्ये मोठे तळे आहे. बोटीने तळे ओलांडावे लागते, नाहीतर मोनोरेलने, म्हणजे एकाच रुळावरून जाणाऱ्या गाडीने, जावे लागते. पिशव्यांची तपासणी होते. मग दारावर तिकीट. मग राजवाड्यापर्यंतचा लांब रस्ता. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक छोटी रांग असते. म्हणून जाणते लोक उघडण्याच्या वेळेआधी तासभर तरी मोटार लावून मोकळे होतात. लग्नाचा मुहूर्त गाठायचा तर एसटी मुहूर्ताच्या वेळेची धरून चालत नाही, तसेच हे.

त्यातही एक मेख आहे. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात जे उतरतात, त्यांना २०२१ सालापासून अर्धा तास आधी आत सोडतात. तेव्हा बाहेरून आलेला माणूस ९ वाजता खाणगाडीपाशी पोहोचतो, तो रांग आधीच लागलेली! मग त्याने काय करावे? माझ्या मते त्याने तिकडे जाऊच नये. तो अर्धा तास बागेच्या दोनच भागांत असतो आणि खाणगाडी त्यांतल्या एका भागात येते. बाकीचे भाग सर्वांना एकाच वेळी उघडतात. तिथे जंगलातल्या नदीतून नेणारी एक नाव आहे. तिलाही दिवसा मोठी रांग लागते, पण ९ वाजता ती मोकळी असते. बाहेरच्या माणसाने आधी ती गाठावी. सगळे जिकडे धावतात त्याच्या उलट्या दिशेला जाण्यात कधीकधी मोठा फायदा असतो.

आता पैशांच्या रांगेविषयी. हा भाग जरा नीट वाचा. पूर्वी डिस्नेलँडमध्ये तिकिटांची पुस्तके मिळत. साध्या खेळाला एक प्रकारचे तिकीट, मोठ्या खेळाला दुसऱ्या प्रकारचे. मोठ्या खेळाची तिकिटे मोजकीच असत, त्यामुळे माणूस ती जपून वापरी. १९८२ साली ती पद्धत बंद झाली. एकच तिकीट आणि सारे खेळ खुले. मग जो तो मोठ्या खेळाकडेच धावणार, हे उघड आहे. १९९९ साली डिस्नेने एक फुकट सोय काढली. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर छापलेल्या वेळी परत यायचे आणि छोट्या रांगेतून आत जायचे. ही फुकट सोय २०२१ साली कायमची गेली. आता छोट्या रांगेसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

गाडी तीच, जागा त्याच. मग पैसे देणारा लवकर गेला, तर त्याचा वेळ कोणाच्या पदरातून आला? पुन्हा हिशेब करा. तासाच्या १६०० जागांपैकी समजा १००० जागा पैशांच्या रांगेला दिल्या. साध्या रांगेला उरल्या ६००. तुमच्यापुढे ६०० माणसे आहेत. सगळ्या जागा साध्या रांगेला असत्या तर तुम्ही साडेबावीस मिनिटांत बसला असता. आता पुरा एक तास लागेल. पैसे देणाराचा वेळ आकाशातून पडलेला नाही, तो मागे उभ्या असलेल्यांचा आहे. कंपनीचे म्हणणे, घ्यायचे तर घ्या, सक्ती नाही. ते खरे आहे. पण न घेणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते, हेही खरे आहे आणि मला ते रुचत नाही.

रांगेत लबाडी होते ती निराळीच. अपंग माणसाला ताटकळत उभे राहावे लागू नये म्हणून तिथे दुसऱ्या दाराने आत नेण्याची सोय होती. २०१३ साली अशी बातमी छापून आली की काही पैसेवाले लोक अपंग माणसाला भाड्याने बरोबर घेतात आणि आपले घरदार त्या दाराने आत नेतात. त्याच वर्षी नियम बदलला. अपंगाला लगेच आत न सोडता, रांगेत जेवढा वेळ लागला असता तेवढ्या वेळाने परत बोलवायचे, असे ठरले. तोवर तो सावलीत बसू शकतो, हे ठीक. पण भाड्याने माणूस घेणाऱ्यांच्या करणीचा भार खऱ्या अपंगावर पडला, हे विसरता येत नाही.

लहान मूल बरोबर असेल तर घरून निघतानाच त्याची उंची मोजा. खाणगाडीला ३८ इंच, म्हणजे सुमारे ९७ सेंटीमीटर उंची लागते. तासभर उभे राहून दारात परत फिरवले, तर मूल रडते आणि आई नोकराशी भांडते. त्यात नोकराचा काय दोष? उंची कमी असली तर बसण्याच्या जागेवरचा दांडा मुलाला नीट धरून ठेवीत नाही. अशा वेळी एक चांगली सोय आहे. आई मुलापाशी थांबते, बाप जाऊन येतो, आणि मग आईला पुन्हा सगळी रांग न लावता आत सोडतात. ही सोय दारावरच्या नोकराला आधीच विचारून घ्यावी लागते. गरोदर बाईने आणि हृदयाचा किंवा पाठीचा विकार असलेल्याने गाडीत बसू नये.

सकाळचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण म्हणजे तिथली हवा. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारनंतर वारंवार गडगडाटी पाऊस येतो. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या गाड्या बंद ठेवतात. सकाळी राहिले ते दुपारी करू म्हणणाऱ्याची दुपार अशी वाया जाते.

रांगेत उभे राहावेच लागले, तर ती कशी आखली आहे ते पाहा. दोर आणि खांब लावून तिला अशी वळणे दिलेली असतात की बैल तासाच्या टोकाला वळून पुन्हा उलटे यावेत, तशी माणसे फिरतात. थोड्या जागेत पुष्कळ माणसे मावतात आणि पाय सारखे हलत राहिल्याने थांबल्यासारखे वाटत नाही. खाणगाडीच्या रांगेत मुलांसाठी रत्ने निवडण्याचा खेळही ठेवला आहे. रांग तेवढीच राहते, पण रड कमी होते. बाहेर पाटीवर आणि मोबाइलवर किती मिनिटे थांबावे लागेल ते लिहिलेले असते. आकडा वाचता येणाऱ्याने तो वाचूनच रांगेत शिरावे.

आणि सकाळ हुकलीच, तर रात्र आहे. बाग बंद होण्याच्या घटकेला जो रांगेत उभा असेल, त्याला गाडीत बसवूनच घरी पाठवतात. ९ ला बंद होणार असेल तर पावणेनऊला जा. तोवर लहान मुलांची घरे परतलेली असतात आणि पुष्कळ लोक राजवाड्यापुढे दारूकाम पाहायला जमलेले असतात.

आता पाटीवर हे गणित सोडवा. आपल्या गावच्या जत्रेत रहाटपाळण्यात २४ माणसे बसतात. एक फेरी, चढणे-उतरणे धरून, ६ मिनिटांची. तुमच्यापुढे ९६ माणसे आहेत. तुमच्या घरची एसटी अर्ध्या तासाने सुटते आणि स्टँड ५ मिनिटांच्या वाटेवर आहे. तुमची स्वतःची फेरीही धरा. पाळण्यात बसून एसटी मिळेल का?