वेगाची पारख

दिवाळी सरता सरता गोंदिया जिल्ह्यातील बांध्यांमधून धानाची कापणी होते आणि पुढे कित्येक आठवडे गिरण्यांची घरघर थांबत नाही. (कोकणात ज्याला भात म्हणतात त्याला इकडे धान म्हणतात. भात हे नाव त्याला शिजल्यावरच मिळते.) गिरणीच्या दारात उभा असलेला शेतकरी यंत्राचे चाक मिनिटाला किती फेरे घेते, हे कधी विचारीत नाही. पोत्यामागे तांदूळ किती उतरेल, कणी किती पडेल आणि आपली पाळी केव्हा येईल, एवढेच तो विचारतो. जुन्या हलरमध्ये धान दाबाने घासले जाते, त्यामुळे कणी अधिक पडते; रबरी रुळांच्या यंत्रात दाणा बराचसा अखंड राहतो. दोन्ही यंत्रांची चाके सारखीच फिरली, तरी घरी येणारा तांदूळ सारखा नसतो.

संगणक विकत घेताना मात्र आपण नेमके चाकाचे फेरेच विचारतो. संगणकातील सर्व आकडेमोड ज्या चिमुकल्या भागात चालते, त्याला प्रोसेसर म्हणतात. त्याचे काम एका ठोक्याच्या तालावर चालते. ‘२०० मेगाहर्ट्झ’ याचा अर्थ सेकंदाला २० कोटी ठोके. परंतु एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्या संख्येवरून मुळीच कळत नाही.

याचे एक बोधप्रद उदाहरण १९९७ सालचे आहे. त्या वर्षी टेबलावरच्या संगणकांसाठी दोन प्रोसेसर बाजारात समोरासमोर उभे होते. एक इंटेल कंपनीचा पेंटियम एमएमएक्स, दुसरा एएमडी कंपनीचा के-६. मूळचा पेंटियम १९९३ साली निघाला होता, आणि त्याच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे अभियंते विनोद धाम हे १९५० साली पुण्यात जन्मले होते. १९९५ साली ते इंटेल सोडून नेक्सजेन या लहानशा कंपनीत गेले. ती कंपनी पुढे एएमडीने विकत घेतली आणि तेथील आराखड्यातूनच के-६ घडला. एकाच माणसाचा हात लागलेली दोन घराणी अशी परस्परांशी स्पर्धा करू लागली, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

या दोघांची तुलना करणे सोपे होते. दोघेही एकाच प्रकारच्या खोबणीत बसत. तेव्हा संगणक तोच, स्मृती तेवढीच, चकती तीच, कार्यक्रमही तोच ठेवून केवळ प्रोसेसर बदलता येई. कोणत्याही न्याय्य परीक्षेची पहिली अट हीच होय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीच चाचणी अनेकदा करावी आणि मग वेळ नोंदवावा.

दोघांचेही ठोके २०० मेगाहर्ट्झ असताना काय आढळले? पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते अशा कचेरीच्या कामांत के-६ पुढे गेला. परंतु १९९६ साली निघालेल्या ‘क्वेक’ या खेळात पेंटियम सरस ठरला. ठोके तेच, संगणक तोच, आणि निकाल मात्र उलटा!

याचे कारण गिरणीत सापडते. चांगल्या गिरणीत पहिले पोते चाळणीतून रुळांकडे गेले की दुसरे लगेच चाळणीत पडते; पहिल्याचा तांदूळ बाहेर पडेपर्यंत कोणी थांबत नाही. पेंटियममध्ये दशांश अपूर्णांकांच्या बेरजा-गुणाकारांची व्यवस्था अशीच होती. एक गणित पुरे होण्याआधीच दुसरे आत शिरे. के-६ एकेक गणित चटकन सोडवी खरा, पण ते संपल्याशिवाय पुढचे हाती घेत नसे. क्वेकच्या चित्रांत अशा अपूर्णांकांची रास असते. उलट कचेरीच्या कामात बहुतेक पूर्णांकच लागतात, आणि तेथे के-६ एका ठोक्यात अधिक काम उरकीत असे. शिवाय त्याची किंमतही कमी होती. हिशेबासाठी संगणक घेणाऱ्या धान-व्यापाऱ्याने त्या वेळी के-६ घेतला असता तर ते शहाणपणाचे ठरले असते. त्याच्या खेळाडू चिरंजीवांना मात्र ते पटले नसते.

वेग मोजताना आणखी एक गोष्ट नजरेआड होते, ती म्हणजे उत्तराचा बरोबरपणा. १९९४ साली अमेरिकेतील थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना पेंटियमचे काही भागाकार चुकत असल्याचे आढळले. तुम्ही स्वतः वहीत ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागून पाहा. उत्तर १.३३३८२० असे येईल. सदोष पेंटियम १.३३३७३९ असे सांगे. भागाकारासाठी प्रोसेसरमध्ये कोरलेल्या तक्त्यातील काही घरे चुकून रिकामी राहिली होती. इंटेलने प्रथम, ज्याला गरज पटवून देता येईल त्यालाच प्रोसेसर बदलून देऊ, असे धोरण ठेवले; लोक संतापले, तेव्हा मागेल त्याला बदलून देण्याचे मान्य केले. या प्रकरणी कंपनीने ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च हिशेबात धरला. चुकीचे उत्तर कितीही झटपट मिळाले, तरी ते वेगाच्या खात्यात कसे मांडावे?

आज एका प्रोसेसरमध्ये चार, आठ किंवा त्याहूनही अधिक गाभे असतात, आणि जाहिराती आता ठोक्यांबरोबर गाभ्यांची संख्याही सांगतात. बांधीत रोवणीला दोन बायांऐवजी दहा बाया उतरल्या, तर दिवसभराचे काम दुपारच्या आत आटोपते. परंतु रोवण्यासाठी लागणारे पऱ्हे वाढायला जे दिवस लागतात, ते दहा बाया बांधावर येऊन बसल्या म्हणून एकानेही कमी होत नाहीत.