पदाची नोंद आणि नेतृत्वाचा पुरावा

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील दारातून बाहेर पडले की पहाडगंजची वस्ती सुरू होते. मुघल काळात शहराच्या तटाबाहेरील हा भाग धान्याची बाजारपेठ म्हणून ओळखला जाई. 1947 च्या फाळणीनंतर येथे अनेक निर्वासित कुटुंबे स्थिरावली; पुढे 1970 च्या सुमारास स्वस्त मुक्कामाच्या शोधात विदेशी प्रवासी येऊ लागले आणि मेन बाजारात व त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांत लहानलहान अतिथिगृहे दाटीने उभी राहिली. दिल्लीतील मराठी कुटुंबांना हा भाग नूतन मराठी शाळेमुळे आणि बृहन्महाराष्ट्र भवनामुळे विशेष परिचयाचा आहे.

अशा वस्तीत वाढलेले तरुण आज व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी नामांकित संस्थांकडे अर्ज करतात. गुणपत्रके जोडली जातात, प्रवेश परीक्षेचे गुण नोंदले जातात. परंतु ‘आपण केलेल्या नेतृत्वाचे वर्णन करा’ या प्रश्नापाशी अनेकांची लेखणी थांबते. आपण कोणत्याही मंडळाचे अध्यक्ष नव्हतो, आपल्या हाताखाली कोणी नव्हते, तेव्हा लिहावे तरी काय, असे त्यांना वाटते. या अडचणीचे मूळ पद आणि नेतृत्व या दोन गोष्टी एकच मानण्यात आहे.

व्यवस्थापन शिक्षणाच्या संस्था हा प्रश्न का विचारतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठाची व्यवसाय शाळा 1908 साली स्थापन झाली. दिल्ली विद्यापीठाची व्यवस्थापन अध्ययन शाखा 1954 साली सुरू झाली आणि 1961 साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. या प्रकारच्या शिक्षणात व्याख्यानाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष उद्योगांतील प्रसंगांवरील सामूहिक चर्चेला असते. वर्गातील प्रत्येक विद्यार्थी इतरांच्या शिक्षणात भर घालील, अशी त्यात अपेक्षा असते. म्हणून केवळ हुशारी पाहून निवड करणे पुरेसे ठरत नाही. अर्जदाराच्या सान्निध्यात इतर माणसे अधिक चांगले काम करतात काय, हे संस्थेला जाणून घ्यायचे असते. हार्वर्डच्या शाळेने 2024 साली जे छोटे निबंध मागितले, त्यांपैकी एक नेतृत्वाविषयी होता. त्यात अर्जदाराला कोणत्या प्रकारचा नेता व्हायचे आहे याबरोबरच तो इतरांच्या वाढीसाठी काय करतो, हेही विचारले होते. या निबंधाला शब्दांची मर्यादा अवघी 250 होती.

नेतृत्वाची कसोटी कोणती, या प्रश्नावर एका जुन्या प्रयोगाने चांगला प्रकाश पडतो. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत दहा वर्षे वयाच्या मुलांच्या गटांवर केलेला हा अभ्यास 1939 साली प्रसिद्ध झाला. काही गटांचे प्रमुख हुकूम सोडत. काही प्रमुख मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवीत. काही मुलांना पूर्णपणे त्यांच्यावर सोडून देत. हुकमी प्रमुख समोर असेपर्यंत त्याच्या गटाचे काम भराभर चाले. तो खोलीबाहेर गेला की काम मंदावे. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटात मात्र प्रमुख गेल्यावरही काम बहुतांशी तसेच चालू राही. सारांश, नेतृत्वाचा पुरावा नेत्याच्या हालचालींपेक्षा त्याच्या अनुपस्थितीत इतर काय करतात यात अधिक सापडतो.

हे तत्त्व अर्जात कसे उतरते, ते पाहण्यासाठी दोन काल्पनिक अर्जदार घेऊ. पहिला महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळाचा सचिव होता. ‘तीनशे विद्यार्थ्यांच्या संमेलनाचे यशस्वी नेतृत्व केले’ असे तो लिहितो. वाक्य भारदस्त आहे. पण ते वाचून परीक्षकाला काहीच कळत नाही. संमेलन दरवर्षी होतेच. या सचिवामुळे त्यात कोणता फरक पडला, कोणता निर्णय कठीण होता, कोणाचे मन वळवावे लागले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही.

दुसरी अर्जदार पहाडगंजमधील बारा खोल्यांच्या एका अतिथिगृहात हिशेब लिहिणारी वाणिज्य पदवीधर तरुणी आहे. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. प्रवासी गाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. मालक गावी अडकले होते. चार कामगार घरी जाऊ शकत नव्हते आणि सहा विदेशी पाहुणे खोल्यांत अडकून पडले होते. तिने शिधा मोजला, उरलेल्या रकमेचा हिशेब केला आणि कामाचे वाटप करून कागद भिंतीवर लावला. दोनच दिवसांत दोघा कामगारांनी काम करण्यास नकार दिला. मग तिने चौघांना बसवून हिशेबाची वही उघडी केली. पैसे किती आहेत आणि ते किती दिवस पुरतील, हे सर्वांनी मिळून पाहिले. नवे वाटप स्वयंपाक्याने सुचविले. आळीपाळीने रजा घेण्याची पद्धत सफाई करणाऱ्याने मांडली. पुढे ती स्वतः आजारी पडून दहा दिवस वेगळ्या खोलीत राहिली, तेव्हा वही स्वयंपाक्याने लिहिली आणि एकही जेवण चुकले नाही. 12 मे पासून नवी दिल्लीहून मोजक्या विशेष गाड्या सुटू लागल्या, तेव्हा आधी कोणी जायचे हेही चौघांनी आपसांत ठरविले.

ही तरुणी आपल्या अर्जात नेतृत्वाचा रकाना कोरा सोडण्याचा संभव आहे. कारण तिच्या दृष्टीने ती ‘केवळ हिशेब लिहीत होती’. वास्तविक संस्थेला जे हवे असते ते सर्व येथे आहे. अशा अनुभवाचे लेखन करताना पाच गोष्टी क्रमाने सांगाव्यात: परिस्थिती काय होती, अर्जदाराने स्वतः कोणता निर्णय घेतला, इतरांचा सहभाग कसा मिळाला, परिणाम काय झाला, आणि कोणती चूक लक्षात आली. शेवटची गोष्ट लपविण्याकडे सर्वांचा कल असतो. परंतु ‘मी वाटप एकटीने ठरविले आणि ते फसले’ हे वाक्यच त्या निबंधाला विश्वसनीय बनविते. ज्याने चूक पाहिली आणि मार्ग बदलला, तो पुढेही शिकेल, असा निष्कर्ष परीक्षक काढू शकतो. याचबरोबर ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचा वापर प्रामाणिकपणे केला पाहिजे. स्वयंपाक्याची कल्पना स्वतःच्या नावावर घेतल्यास निबंध चमकदार होईल. पण नेतृत्वाचा खरा पुरावा त्यातून नाहीसा होईल.

अतिशयोक्तीचा धोका व्यावहारिकही आहे. अनेक परदेशी संस्था शिफारसपत्रे मागवितात, आणि अर्जदाराला कोणती महत्त्वाची सुधारणा सुचविली, असा प्रश्न हार्वर्डसारख्या संस्था शिफारस करणाऱ्यालाही विचारतात. निबंध आणि शिफारसपत्र यांत विसंगती असेल, तर ती लपत नाही. म्हणून पत्र देणारा मोठ्या हुद्द्याचा असण्यापेक्षा त्याने अर्जदाराचे काम जवळून पाहिलेले असणे अधिक मोलाचे असते. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशप्रक्रियेत परीक्षेनंतर मुलाखत होते. ‘त्या दोघांनी नकार का दिला?’ एवढ्या एका प्रश्नाने खरा अनुभव आणि रचलेला अनुभव वेगळे होतात. ज्याने प्रसंग भोगला आहे, त्याला उत्तर शोधावे लागत नाही.

अहमदाबादच्या संस्थेचा इतिहासही हीच गोष्ट सांगतो. रवि मथाई 1965 साली तिचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. 1972 साली त्यांनी ते पद स्वेच्छेने सोडले आणि ते त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून काम करीत राहिले. पुढे 1975 पासून त्यांनी सहकाऱ्यांसह राजस्थानातील जवाजा भागात विणकर आणि चर्मकारांबरोबर काम केले. या कारागिरांनी आपला व्यवसाय स्वतः चालवावा आणि बाहेरून आलेल्यांची गरज कमी होत जावी, हा त्या कामाचा उद्देश होता. संचालकपद सोडल्याने मथाई यांचे नेतृत्व संपले, असे कोणीही म्हणत नाही. त्यांनी घडविलेली संस्था त्यांच्यामागेही उभी राहिली.

तेव्हा अर्जदाराने रकाना भरण्यापूर्वी आपल्या पदांची यादी करण्याऐवजी माणसांची यादी करावी. आपल्यामुळे कोणाला एखादे काम येऊ लागले, कोणी जबाबदारी घेतली, आणि आपण नसताना काय चालू राहिले, हे आठवावे. पहाडगंजच्या त्या अतिथिगृहातील हिशेबाच्या वहीत दहा दिवसांचे अक्षर वेगळे आहे. त्या तरुणीने आपला निबंध त्या दहा पानांपासून सुरू करावा.