फॉरमॅट मारण्याआधी

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "कॉम्प्युटर चालूच होत नाहीये रे!" आणि त्यावर शेजारच्या रूममधून तितकंच हमखास येणारं उत्तर म्हणजे "मग मार फॉरमॅट!" या उत्तराला माझा विरोध आहे. बहुतेक वेळा बिघडलेली असते ती फक्त मशीन सुरू होण्याची वाट. प्रोजेक्ट रिपोर्ट, घरचे फोटो, सगळं डिस्कवर जागच्या जागी असतं. फॉरमॅटने नेमकं तेच जातं.

म्हणून आधी बघायचं, की गाडी कुठल्या स्टेशनात अडली. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा प्रोग्राम (जुन्या मशीनमध्ये बायोस, नव्यांत यूईएफआय) रॅम, कीबोर्ड, डिस्क वगैरे तपासतो. मग तो डिस्कवरच्या बूट मॅनेजरला हाक मारतो. बूट मॅनेजर विंडोजचा कर्नल आणि गरजेचे ड्रायव्हर मेमरीत चढवायला लावतो आणि सगळं सुरळीत झालं तर लॉगिनचा पडदा येतो.

कंपनीचा लोगोसुद्धा आला नाही, तर विंडोजला शिव्या देण्यात अर्थ नाही, कारण तिची पाळीच आलेली नाही. डेस्कटॉप असेल तर प्लग काढून रॅम पुन्हा घट्ट बसवून बघा. घरच्या धूळ खाल्लेल्या मशीनमध्ये एवढ्यानेही काम होतं.

लोगो येतो, पण पुढे "नो बूटेबल डिव्हाइस" असं दिसतं? आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा. (एक्सपीच्या काळात ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी हाच गोंधळ घालायची.) मग सेटअपमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर केबल किंवा खुद्द डिस्क संशयित. घरच्या जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल संपलाय असं समजा. सेल गेला की सेटअपमधली सेटिंग्ज मूळपदावर जातात, डिस्कचा मोड बदलतो आणि विंडोज "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत निळा पडदा दाखवते. सेल स्वस्त असतो. तो बदलायचा आणि मोड पूर्वीचा करायचा.

आपल्या लोकांचा खास आजार वेगळाच. लॅबसाठी उबुंटू टाकायचं आणि सेमिस्टर संपली की विंडोजमधून त्याचं पार्टिशन उडवायचं! रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर "ग्रब रेस्क्यू" येतं. कारण बूट करून देणारा ग्रब अजून जागेवर असतो, पण त्याच्या फाइल्स पार्टिशनबरोबर गेलेल्या असतात. विंडोजला काहीही झालेलं नसतं. नव्या मशीनमध्ये यूईएफआयच्या बूट यादीत "विंडोज बूट मॅनेजर" वर आणला की बहुधा काम झालं.

आता रिकव्हरी मोड. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होऊ शकली नाही की निळा मेनू आपोआप येतो. लोक त्याला बघूनच घाबरतात, पण तो मदतीला आलेला असतो. ट्रबलशूटमध्ये जाऊन आधी "स्टार्टअप रिपेअर" चालवा. अपडेट होताना लाइट गेली आणि तेव्हापासून गाडी अडली असेल तर "अनइन्स्टॉल अपडेट्स" वापरा. नवा ड्रायव्हर टाकल्यावर बिघडलं असेल तर "स्टार्टअप सेटिंग्ज"मधून सेफ मोडमध्ये जा. तिथे मोजकेच ड्रायव्हर चढतात, त्यामुळे नवा पाहुणा काढून टाकता येतो.

काहीच जमलं नाही तर दुरुस्ती बाजूला ठेवून आधी डेटा बाहेर काढा. रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवर नोटपॅड सुरू करा, फाइल मेनूतून ओपन निवडा आणि खाली "ऑल फाइल्स" करा. त्या खिडकीतून फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतो. कॉपीची पट्टी दिसत नाही, तेव्हा धीर धरा. आणि इथे सी ड्राइव्हला कधी कधी डी म्हटलेलं असतं, त्यामुळे "माझं सगळं गेलं" म्हणण्यापूर्वी बाकीची अक्षरं उघडून बघा. हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल तर तिच्यावर चेकडिस्क मुळीच चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला त्या कमांडचा ताण सोसत नाही. मशीन बंद करा आणि जाणकाराकडे द्या.

या सगळ्या वाटेत एक कुलूप असू शकतं, बिटलॉकरचं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क न सांगता एन्क्रिप्ट होते. मग यूईएफआयमध्ये सिक्युअर बूटसारखं काही बदललं, किंवा रिकव्हरीतून डिस्क उघडायला गेलात, की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा कोणालाही मिळत नाही, दुकानदारालाही नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख. विमानतळांवर रांगा लागल्या. आणि उपाय काय होता? सेफ मोड किंवा रिकव्हरीत जाऊन एक फाइल डिलीट करणे! फॉरमॅटची गरज नव्हती. पण ज्यांच्याकडे बिटलॉकरची की हाताशी नव्हती, ते त्या फाइलपर्यंत पोचूच शकत नव्हते.

तुमची की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप पहिल्यांदा कॉलेजच्या मेल आयडीवर सुरू केला असेल तर ती त्या खात्यात असू शकते, आणि पास आउट झाल्यावर ते खातं बंद झालं तर कीही गेली. तेव्हा मोबाइलवरून खातं उघडा आणि ते ४८ अंक वहीत उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवू नका, प्लीज!

डेटा बाहेर आला, की मग "रीसेट धिस पीसी" खुशाल वापरा. "कीप माय फाइल्स" निवडलं तर तुमच्या फाइल्स राहतात, पण मॅटलॅब, ऑटोकॅड पुन्हा टाकावं लागतं. त्यामुळे सबमिशनच्या आदल्या रात्री रीसेट करायला बसू नका. रिपोर्टचा पेन ड्राइव्ह घेऊन मित्राच्या मशीनवर काम उरका, आणि रीसेट रविवारी करा.