पदवीनंतर नर्सिंग : मार्ग कोणता निवडावा?

बी.ए., बी.कॉम. होऊनही मनासारखी नोकरी मिळत नाही, तेव्हा आपल्या सारसोळे-नेरूळ परिसरातील अनेक मुली, आणि आता काही मुलेही, नर्सिंगकडे वळू पाहतात. विचार उत्तमच आहे. परंतु ‘पदवी आहे, तर वर्षभरात नर्स होता येईल’ या समजुतीने जे फी भरतात, त्यांचे पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जातात. म्हणून या विषयाची नीट माहिती द्यावी, असे आम्हांस वाटले.

ही समजूत अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९७१ साली सेंट लुई विद्यापीठाने दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी जलद नर्सिंग पदवी सुरू केली. तेथे असे अभ्यासक्रम साधारण ११ ते १८ महिन्यांत पुरे होतात. मात्र शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय बहुधा प्रवेशाआधीच पुरे करावे लागतात. म्हणजे तेथेही सूट मिळते ती आधीच्या अभ्यासाची. रुग्णाजवळच्या प्रशिक्षणाची नव्हे.

आपल्याकडे पदवीधरांसाठी असा जवळचा रस्ता नाही. येथे पदवीपेक्षा बारावी पाहतात. बारावीला इंग्रजीसह भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र असल्यास चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचा मार्ग खुला आहे. त्यासाठी ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. बारावी कला वा वाणिज्य शाखेची असली, तरी इंग्रजीसह ४० टक्के गुणांवर तीन वर्षांचा जी.एन.एम. करता येतो. जी.एन.एम. होऊन नोंदणी झाल्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते.

आता हिशेब करू. बावीस वर्षांची विज्ञान पदवीधर मुलगी सव्विसाव्या वर्षी नर्सिंगची पदवी घेईल. कला शाखेची मुलगी पंचविसाव्या वर्षी नोंदणीकृत परिचारिका होऊन कमावू लागेल. पदवीसाठी तिला आणखी दोन वर्षे लागतील. घरी मिळकतीची निकड असेल, तर हा दुसरा मार्गही कमी प्रतीचा नाही.

सहा महिन्यांची वा वर्षाची ‘नर्सिंग असिस्टंट’ची प्रमाणपत्रे मदतनिसाच्या कामास उपयोगी पडतील, पण त्यांवर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय कोणी परिचारिका होत नाही.

पैशाचेही पाहावे. बँकेत काम करीत असल्याने एक गोष्ट आम्ही खात्रीने सांगू शकतो : बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत नर्सिंगची पदवी-पदविका बसते, पण ती नियामक संस्थेने मान्य केलेली असावी लागते. या योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जास स्वतःची रक्कम घालावी लागत नाही. मान्यतेचे पत्र बँक मागतेच; ते आपणही फी भरण्याआधी मागावे.

शिष्यवृत्तीबाबत विशेष सावध असावे. बी.ए.नंतर बी.कॉम. अशा त्याच पातळीवरील दुसऱ्या शिक्षणास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, असा नियम आहे. आपली पदवी आणि निवडलेला नर्सिंग अभ्यासक्रम या नियमात कसा बसतो, हे समाजकल्याण कार्यालयातून प्रवेशापूर्वीच लेखी घ्यावे. शिष्यवृत्ती गृहीत धरून घेतलेला प्रवेश दुसऱ्या वर्षी सोडावा लागू नये.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, चौकशीला गेल्यावर ‘किती महिन्यांत होईल?’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा : मान्यता आहे काय? नोंदणी मिळेल काय? प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात होईल? या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली, तरच फीची पावती फाडा.