एकच औषध, अनेक नावे

घरात कोणाला सर्दीताप आला, की काय होते पाहा. सकाळी आई तापाची गोळी देते. दुपारी नाक वाहू लागते, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून सर्दीची गोळी येते. रात्री अंग ठणकू लागते, तेव्हा शेजारचे काका आपल्याजवळची तिसरीच गोळी आणून देतात. गोळ्यांचे रंग निराळे, वेष्टने निराळी, नावे निराळी. परंतु वेष्टनामागची बारीक अक्षरे वाचली, तर पुष्कळदा तिन्हींवर एक शब्द सापडतो : पॅरासिटामॉल.

आता थोडा हिशेब करू. निरोगी प्रौढ माणसाने २४ तासांत सर्व मिळून ४,००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये, असा दंडक आहे. समजा, तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा घेतली, झाले २,६००. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम असेल आणि ती तीनदा घेतली, तर आणखी १,५००. बेरीज ४,१००. काकांची गोळी अजून मोजलेलीच नाही! घेणाऱ्याला मात्र वाटते, की आपण प्रत्येक औषध बेतानेच घेतले. मुलांची मात्रा तर वजनावर ठरते. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देणे हा निव्वळ अंदाजपंचे कारभार होय.

मर्यादा ओलांडली तर काय बिघडते? ते समजण्यासाठी यकृतात डोकावले पाहिजे. पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृतात ग्लुकुरॉनिक अम्लाशी किंवा सल्फेटशी जोडला जातो. ही संयुगे पाण्यात सहज विरघळतात आणि मूत्रावाटे बाहेर पडतात. थोड्या भागाचे मात्र विकरांमुळे एका विषारी पदार्थात रूपांतर होते. त्याला आवरण्यासाठी यकृताच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ सज्ज असतो. तो विषाच्या रेणूला चिकटतो आणि त्याला निरुपद्रवी करतो. गोळी प्रमाणात असेल तोवर हे काम बिनबोभाट चालते, आणि म्हणूनच हे औषध चांगले व विश्वासाचे मानले जाते.

पण ग्लुटाथायोनचा साठा अमर्याद नसतो. औषध फार झाले, की नेहमीचे मार्ग अपुरे पडतात, विष अधिक तयार होते आणि साठा आटतो. मग मोकळे राहिलेले विष यकृतपेशींतील प्रथिनांनाच चिकटते व पेशी मरू लागतात. उंदरांवरील प्रयोगांतून ग्लुटाथायोनची ही कामगिरी १९७३ साली पुढे आली. ज्याला दारूचे व्यसन आहे किंवा ज्याची उपासमार झाली आहे, त्याच्याकडे हा साठा मुळातच कमी असू शकतो.

यातली फसवी गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. थोडी मळमळ होते, कधी तीही नाही. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. म्हणून गोळ्या जास्त झाल्याचे कळताच, बरे वाटत असले तरी, वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे ॲसिटिलसिस्टीन हा उतारा मिळतो. त्यापासून शरीर नवे ग्लुटाथायोन बनवते. पहिल्या आठ तासांत दिला, तर तो सर्वांत चांगला लागू पडतो.

नावाची एक गंमत सांगायची राहिली. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या गोळ्यांवर ‘ॲसिटामिनोफेन’ असे लिहिलेले असते. तेही पॅरासिटामॉलच! एकाच लांबलचक रासायनिक नावातली निरनिराळी अक्षरे उचलून ही दोन्ही नावे घडली आहेत.

करून पाहा : मोठ्यांना सोबत घेऊन घरातला औषधांचा डबा उघडा. गोळ्या वेष्टनातून काढू नका. वहीत तीन रकाने आखा : विक्रीचे नाव, आतील औषध, मिलिग्रॅम. दुसऱ्या रकान्यात एकच नाव किती वेळा येते, ते मोजा आणि तक्ता डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.