गाडीचं वय रबराला विचारा

पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होतो. पाचव्या-सहाव्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल मऊ लोण्यासारखं खाली गेलं. दोन-तीनदा पटापट दाबल्यावर थोडा जोर आला. गिअर दुसऱ्यावर आणला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कठड्याच्या कडेला घेतली. खाली उतरलो तर पुढच्या चाकांपाशी जळका वास. बायको आणि मुलगी गाडीतच बसून होत्या. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा टणक लागलं, जणू काही झालंच नव्हतं. हीच त्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट.

गाडी 2006 सालची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती. 2019 मध्ये मी ती दुसऱ्या मालकाकडून घेतली तेव्हा मीटरवर फक्त 84 हजार किलोमीटर होते. घेतल्या घेतल्या इंजिनाचं सगळं करून घेतलं: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, टर्बोचे होज. ब्रेक लागत होते, म्हणून त्यांना हात लावला नाही. त्या घाटानंतर मात्र चार महिने प्रत्येक रविवार सस्पेन्शन आणि ब्रेकवर घातला. काही कामं मी स्वतः केली, काही आमच्या फिटर काकांनी. तेव्हा आणि नंतर जे शिकलो ते लिहून ठेवतो.

1. किलोमीटर पाहू नका, वर्षं मोजा.

84 हजार हा आकडा इंजिनाला लागू होता, रबराला नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात, मग भेगा पडतात. काकांनी लोअर आर्मच्या मागच्या बुशात पहार घालून जरा रेटली. आर्म सहज सरकला आणि बुशाचं रबर मधून फाटलेलं दिसलं. ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे खेचायची, त्याचं कारण मी टायरमध्ये शोधत होतो, ते इथे होतं.

पण बुश निदान बाहेरून दिसतो. ब्रेकचे लवचिक होज आतून फुगतात आणि बाहेरून चांगले दिसत राहतात. आतली वाट अरुंद झाली की पायाच्या दाबानं ऑइल कॅलिपरपर्यंत जातं, पण पाय काढल्यावर लवकर परत येत नाही. पॅड डिस्कला घासत राहतो. ओळखायचं कसं? दहा-पंधरा किलोमीटर फेरी मारून या आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, एकदम टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूपच गरम असेल तर होज आणि कॅलिपर दोन्ही तपासा. माझं मागचं डावं चाक असं निघालं. मी चारही होज बदलले.

2. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालो वा न चालो.

घाटातल्या त्या प्रसंगाचं मूळ हेच होतं. डॉट 4 प्रकारचं ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. आता दुसरी बाजू पाहा. चौदाशे किलोची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगावरून थांबवायची तर साधारण 540 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. घाटात हे पुन्हा पुन्हा घडतं आणि मधे थंड व्हायला वेळ मिळत नाही. ऑइल कॅलिपरमध्येच उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय सरळ खाली जातो. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल पूर्ववत लागतं. म्हणून लोक म्हणतात, "काही नाही, ठीक झाली गाडी." ती ठीक झालेली नसते.

माझ्या टाकीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. आधीच्या मालकांनी दिलेल्या पावत्यांच्या फाइलमध्ये ते बदलल्याची एकही नोंद मिळाली नाही. कोकणात किंवा मुंबईत, दमट हवेत गाडी राहत असेल तर दोन वर्षंही ताणू नका.

3. हवा काढताना जुन्या गाडीचं पेडल तळाला नेऊ नका.

ही चूक माझीच. मुलीला पेडलवर बसवलं, मी चाकापाशी. "दाब, धर, सोड" चाललं होतं आणि ती दर वेळी तळापर्यंत दाबत होती. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्ध्याच वाटेपर्यंत जातो. पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, तिथे गंज आणि गाळ बसलेला असतो. रबरी सील त्यावरून घासला की कापला जातो. काम संपल्यावर पेडल टणक लागत होतं, पण सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलं की मुंगीच्या पावलानं खाली सरकायचं. नवा मास्टर सिलिंडर घ्यावा लागला. काका म्हणाले, "दादा, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, मग कितीही दाबा." तेव्हापासून माझ्या पेटीत सागवानाचा एक तुकडा असतोच. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी, हा क्रमही पाळा.

4. कॅलिपरला हाताशी येईल ते ग्रीस लावू नका.

आधी एका गॅरेजमध्ये पॅड बदलले होते. तिथे कॅलिपरच्या सरकत्या पिनांना बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं होतं. पेट्रोलियमच्या ग्रीसनं ब्रेकचं रबर फुगतं. माझ्या पिना त्या फुगलेल्या रबरात अशा अडकल्या होत्या की हातानं हलेनात. परिणाम असा की आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. ब्रेकसाठीचं सिलिकोन किंवा सिरॅमिक ग्रीस वेगळं मिळतं, छोटी नळी वर्षानुवर्षं पुरते.

त्याच गॅरेजनं मागच्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पनं दाबून आत ढकलायचा प्रयत्न केला होता. या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरच्या पोटातच आहे. तो पिस्टन दाबत दाबत फिरवून आत न्यायचा असतो. नुसता रेटला की आतला स्क्रू बिघडतो. एक कॅलिपर त्यातच गेला.

5. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळा, आणि गाडी आपल्या उंचीवर असताना आवळा.

सगळ्यात मोलाचं मी हेच शिकलो. पहिल्यांदा बदललेले बुश अकरा महिन्यांत फाटले आणि मी दुकानदाराला दोष देत होतो. माल चांगला होता, बसवण्यात चूक होती.

लोअर आर्मच्या बुशात तीन थर असतात: बाहेर धातूची कडी, मधे चिकटवलेलं रबर आणि आत धातूची नळी. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर घट्ट धरली जाते. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीच सरकत नाही, रबरच पिळलं जातं आणि परत येतं. आता गाडी लिफ्टवर आहे, चाकं लोंबताहेत, आर्म पार खाली झुकलेला आहे. तुम्ही त्याच स्थितीत बोल्ट आवळलात. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबराला पीळ बसतो. गाडी उभी असली तरी तो पीळ राहतो. खड्डा आला की त्यावर आणखी पीळ. रबर मग किती दिवस टिकणार?

दुसऱ्या वेळी मी काम उघडण्याआधीच, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं आणि चारही आकडे काचेवर मार्करनं लिहिले. बुश बसवल्यावर बोल्ट फक्त हातानं लावले. मग हबखाली दुसरा जॅक लावून चाक त्या मापापर्यंत उचललं आणि तेव्हाच टॉर्कचा पाना लावला: 70 न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा. पाव फेऱ्यानं आवळायचे बोल्ट ताणले जातात, म्हणून ते दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत, नवेच घ्यायचे. हे बुश आजही शाबूत आहेत.

6. शॉकॲब्सॉर्बर जोडीनं बदला आणि वरचं माउंट विसरू नका.

एका बाजूचा नवा, एका बाजूचा जुना, असं केलं तर वळणावर गाडी दोन वेगळ्या मनांनी वागते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगचा "टंग" असा आवाज येत असेल तर वरचं बेअरिंग गेलं समजा. या गाडीत पुढचा शॉकॲब्सॉर्बर हबच्या पकडीत रुतून बसलेला असतो. त्याला हातोडे मारू नका. पकडीला मागे एक चीर असते. तिच्यात आयताकृती बिट घालून पाव फेरा दिला की ती उघडते आणि नळी सुटते.

7. डिस्क मोजा, अंदाज करू नका.

किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. माझी त्याहून अर्धा मिलीमीटर खाली होती आणि तरी एका ठिकाणी मला फेस मारून देण्याची तयारी दाखवली होती. पातळ डिस्क कमी उष्णता साठवते. अशा डिस्कचं टर्निंग करून पैसे वाचत नाहीत.

8. पार्ट नंबर पाठ करा.

पुण्याच्या नाना पेठेत "आरएसचे पार्ट" म्हणून विचारलंत तर नकारार्थी मान हलते. पार्ट नंबर सांगितलात तर बरंच काही मिळतं, कारण हा सांगाडा फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फचा आणि ऑडीच्या पहिल्या ए 3 चाही. आपल्याकडच्या साध्या डिझेल ऑक्टेव्हियाचेही बरेच बुश आणि लिंक चालतात. पॅड मात्र पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. मला एकदा नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली पॅड मिळाले होते. पाठीच्या पत्र्यावरचा छापा पुसट होता आणि नंबर खोक्याशी जुळत नव्हता.

9. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका.

स्टँड लावा, मगच खाली जा. यात सवलत नाही.

10. नवे पॅड बसले म्हणजे काम संपलं नाही.

सकाळी मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी 60 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावले, पूर्ण थांबलो नाही. मग थोडा वेळ ब्रेक न लावता चालवून ते थंड होऊ दिले. त्याशिवाय पॅडचा थर डिस्कवर सारखा बसत नाही. दोनशे किलोमीटरनंतर व्हील अलाइनमेंट केलं आणि चाकांचे बोल्ट 120 न्यूटन-मीटरवर पुन्हा तपासले.

खर्च लाखाच्या वर गेला. इंजिनाची ताकद एका अश्वशक्तीनंही वाढली नाही. पण गेल्या डिसेंबरात पाचगणीहून पुन्हा तोच घाट उतरलो, मुलगी शेजारी बसली होती. धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं त्या वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत, जिथे हवी तिथे मंदावली. खाली वाईत उतरेपर्यंत पेडल एका उंचीवर होतं.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, वेगवान असो वा साधी, तर आजच पावत्या काढा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधा. तारीख सापडली नाही, तर घाटात जाण्याआधी ते बदलून घ्या.