केबलीची पैसेवारी

मुलकी खात्यात आम्ही पुष्कळ वर्षे लेखणी चालविली. दप्तरातील आकार एक आणि शेतातील पीक दुसरे, म्हणूनच दरसाल पैसेवारी ठरवितात. हाच न्याय विहिरीवरील विजेच्या केबलीसही लावावा लागतो. तो न लावल्यामुळे गेल्या वैशाखात आमच्या मळ्यातील केबल जळाली व उभा ऊस आठ दिवस पाण्यावाचून राहिला.

केबलीच्या तक्त्यातील अँपिअर ठराविक स्थितीपुरते खरे असतात. आपल्याकडील तक्ते सामान्यतः भोवतालची हवा ४० अंश धरतात. साधारण पीव्हीसी वेष्टनाच्या तारेस ७० अंशांपर्यंत तापू द्यावे. म्हणजे मोकळीक ३० अंशांची. पत्र्याखाली हवा ५० अंश झाली की २० अंशच उरतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सबब २० भागिले ३० याचे वर्गमूळ घ्यावे. उत्तर सुमारे ०.८२ येते.

दुसरा विचार शेजाराचा. एकाच नळीत दोन पंपांच्या केबली असल्यास एकीची ऊब दुसरीस बाधते. तेथे गुणक ०.८० धरतात, तीन असल्यास ०.७०. दोन्ही कारणे असतील तेथे दोन्ही गुणकांनी गुणावे.

उदाहरण पाहू. तक्त्यात २० अँपिअर आहेत. २० × ०.८२ × ०.८० म्हणजे सुमारे १३. तीन फेजची साडेसात अश्वशक्तीची मोटार सुमारे ११ अँपिअर घेते. तीस ही केबल पुरते. दहा अश्वशक्तीची सुमारे १५ घेते. तीस पुरत नाही. आम्ही मोटार बदलली, शेजारच्या पंपाची केबलही त्याच नळीत घातली, आणि तक्त्यातील २० वर विसंबलो. विजेचा दाब उतरला असता भरलेली मोटार अधिकच प्रवाह ओढते, हेही ध्यानी घेतले नाही.

आता उपाय. प्रत्येक केबलीस निराळी नळी द्यावी व ती तापत्या पत्र्यापासून दूर न्यावी. उरलेल्या केबलीचे वेटोळे करून ठेवू नये. त्यात ऊब कोंडते. जमिनीत पुरलेली केबलही कोरड्या मातीत अधिक तापते. अंतर लांब असल्यास दाबाची घट निराळी तपासावी. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे हे तर घरास आग लावणेच होय.

केबल विकत घेण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा व काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावे, इतकीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.